सब्जाचे झुडूप आणि घरातले गुपित

भुताखेतांच्या गोष्टी आवडत नाहीत असा माणूस आपल्या समाजात विरळाच. कोकणातल्या आपल्या वाडवडिलांच्या घरी दिवेलागणीनंतर जेवणे आटोपली की ओटीवर मुंज्या, हडळ, देवचार यांची बैठक भरत असे. आम्ही मुले आजीच्या लुगड्याचा पदर घट्ट धरून ऐकत असू आणि मग परसात जायची वेळ आली की एकटे जात नसू. आता लोदच्या किंवा अश्दोदच्या चौथ्या मजल्यावर बटण दाबले की लख्ख उजेड पडतो. तिथे हडळ येणार कुठून? तरीही शनिवार सुटल्यावर घरातली तरुण मंडळी टेलिव्हिजनसमोर बसून कोणता तरी भुताचा सिनेमा पाहतातच, आणि आम्हीही चष्मा पुसत त्यांच्या मागे बसतो.

या सिनेमांचा साचा आता वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. नवे लग्न झालेले जोडपे, मोठे जुने घर, बायकोला रात्री ऐकू येणारे आवाज, काहीतरी लपवणारा नवरा आणि अखेरच्या अर्ध्या तासात उघड होणारे पाप. २०२१ साली आलेल्या ‘डिबुक’ या हिंदी चित्रपटात तर भूत म्हणून चक्क एक यहुदी आत्माच आणला होता. २०१७ च्या ‘एझ्रा’ या मल्याळी चित्रपटाची ती नवी आवृत्ती. तो पाहून आमच्या काही वाचकांना राग आला, काहींना हसू आले. आमची तक्रार वेगळी आहे. त्या चित्रपटात भूत माणसाला भिववते, पण माणसाबद्दल काही सांगत नाही. पेटी उघडली, भूत बाहेर आले, मंत्र म्हटले, खेळ संपला. प्रेक्षक घरी जातो तेव्हा त्याच्या स्वतःच्या घराकडे पाहण्याची त्याची नजर होती तशीच राहते.

म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक वेगळे पुस्तक ठेवीत आहोत. ते भयकथा म्हणून लिहिलेले नाही. त्याच्या वेष्टनावर हाडांचा सापळा नाही. पण लग्न, लपवलेले पाप आणि जिन्न या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, आणि आम्हांला ते वाचून जी धास्ती वाटली ती कोणत्याही सिनेमाने दिली नाही. ही कादंबरी ओमानची आहे. लेखिका जोखा अल्हार्थी. मूळ अरबी पुस्तक ‘सय्यिदात अल-कमर’ म्हणजे ‘चंद्राच्या स्त्रिया’ २०१० साली निघाले. मर्लिन बूथ या विदुषीने केलेले इंग्रजी भाषांतर ‘सेलेस्टियल बॉडीज’ या नावाने २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१९ साली त्याला मॅन बुकर इंटरनॅशनल पारितोषिक मिळाले. अरबी भाषेतल्या पुस्तकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. पारितोषिकाचे पन्नास हजार पौंड लेखिका आणि भाषांतरकर्ती यांच्यात निम्मेनिम्मे वाटले गेले. एका ओमानी स्त्रीची इंग्रजीत आलेली ही पहिलीच कादंबरी. आम्ही ती इंग्रजीतूनच वाचली.

ओमान हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. मस्कत आणि मुंबई यांच्यामध्ये एक समुद्र आहे एवढेच, आणि तोच समुद्र आपल्या नवगावच्या किनाऱ्यालाही लागतो. तिथल्या बाजारात कच्छी भाटिया पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखाती देशांसाठी काढलेला रुपया मस्कतमध्ये १९७० पर्यंत चालत होता. सलालाहजवळच्या डोंगरावर नबी अय्यूबची, म्हणजे आपल्या ईयोबाची, कबर म्हणून एक जागा दाखवतात. आणि १९९४ च्या डिसेंबरात इस्राएलचे पंतप्रधान राबिन मस्कतला गेले होते हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. देशही जिन्नांच्या गोष्टींनी भरलेला. बहला हे गाव तिथल्या किल्ल्यासाठी जितके प्रसिद्ध, तितकेच जादूटोण्यासाठी. एका प्रचंड भूमिगत गुहेचे नावच ‘मजलिस अल-जिन्न’, म्हणजे जिन्नांची बैठक.

कथा अल-अवाफी नावाच्या खेड्यात घडते. अज्जान आणि सलीमा यांना तीन मुली: मय्या, अस्मा आणि खौला. थोरली मय्या दिवसभर शिलाईच्या यंत्रावर वाकलेली. लंडनला जाऊन पदवी न घेताच परतलेल्या एका तरुणावर तिचे मनोमन प्रेम आहे. त्याच्याशी ती एक शब्द बोललेली नाही. देवाकडे तिचे मागणे एवढेच की तो एकदा नजरेस पडावा. अशात आई येऊन सांगते की सुलेमान सौदागराच्या मुलाने मागणी घातली आहे. मय्या ‘नाही’ म्हणत नाही, ‘हो’ही म्हणत नाही. लग्न होते. पहिली मुलगी झाल्यावर ती तिचे नाव ठेवते ‘लंडन’. सगळे गाव हसते. शहराचे नाव कोणी मुलीला देते का? नवऱ्याला, अब्दल्लाला, त्या नावामागचे कारण माहीत नाही. तो बायकोवर जीव टाकतो. एकदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? ती हसते. त्या हसण्याचा अर्थ तो पुढे सारा जन्म शोधत राहतो.

वाचकहो, इथेच आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपल्या घरांतून अशी किती नावे असतील की ज्यांचे कारण एकाच माणसाला ठाऊक होते आणि ते त्या माणसाबरोबरच गेले?

पण खरे काळे गुपित मय्याचे नाही. तिने कोणाचे काही बिघडवले नाही. गुपित आहे सासरच्या घराचे. अब्दल्ला तान्हा असतानाच त्याची आई वारली. गावातल्या बायका कारण सांगतात, तिने अंगणातले सब्जाचे झुडूप उपटले. त्या झुडपात जिन्नीण राहत होती. ती कोपली आणि तिने बाळंतिणीला नेले. हा तोच सुवासिक सब्जा, जो आपल्याकडे मलिद्याच्या वेळी हुंगण्यासाठी आणतात. अब्दल्ला ही हकीकत ऐकतच मोठा होतो. प्रौढपणी फ्रँकफुर्टला जाणाऱ्या विमानात अर्धवट झोपेत त्याला ती पुन्हा पुन्हा आठवते. मग कुठे एक अर्धे वाक्य कानावर येते, कुठे एखादी म्हातारी बोलता बोलता थांबते. संशयाचे बोट जिन्नावरून हळूहळू सरकते, विषाकडे, त्याच घरातल्या एका बाईकडे आणि त्या तरुण सुनेवर घेतलेल्या आळाकडे. लेखिका कुठेही न्यायालय भरवीत नाही. पोलीस येत नाही, कोणी कबुलीजबाब देत नाही. पण शेवटी वाचकाला कळते की झुडपात कोणी नव्हते. जे होते ते घरात होते.

आमच्या मते या कादंबरीचे मोठे यश ते हेच. सामान्य भयकथेत आधी माणसावर संशय येतो आणि मागाहून भूत निघते. इथे आधी भूत सांगितले जाते आणि मागाहून माणूस निघतो. जिन्न हा इथे गुन्हेगार नाही, तो गुन्हेगाराचा वकील आहे. सर्वांच्या सोयीचा असा तो साक्षीदार की ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. ‘जिन्नाने नेले’ म्हटले की नवऱ्याला चौकशी करावी लागत नाही, नणंदेला उत्तर द्यावे लागत नाही आणि शेजाऱ्यांना आपण काय पाहिले ते आठवावे लागत नाही.

आपल्याच परंपरेतल्या एका नाटकाशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक उठून दिसेल. अन्स्कीचे ‘द डिबुक’ हे नाटक बियालिकच्या हिब्रू भाषांतरात हबीमा नाटक मंडळीने १९२२ साली मॉस्कोत रंगभूमीवर आणले. त्यातही लग्न आहे आणि गुपित आहे. दोन मित्रांनी आपल्या मुलांचे लग्न ठरवण्याचा शब्द एकमेकांना दिलेला असतो. एक मित्र मरतो. दुसरा पैशाच्या लोभाने तो शब्द विसरतो. मग मेलेला तरुण ऐन लग्नात नवरीच्या अंगात येतो आणि धर्मसभेपुढे बापाचे पाप उघडे पडते. तिथे भूत सत्य सांगायला येते. जिवंतांनी जे दडपले ते मृत बोलतात. ओमानच्या या कादंबरीत नेमके उलट आहे. इथे भूत सत्य झाकायला येते. दोन्ही लेखकांना मात्र एक गोष्ट पक्की माहीत आहे, ती म्हणजे लग्नाच्या मांडवात दोनच माणसे उभी नसतात. मागच्या पिढीचे सगळे देणेघेणे तिथे येऊन उभे राहते. हिंदी ‘डिबुक’ने नाटकाच्या नावातला हा अर्थ टाकून दिला आणि पेटी तेवढी ठेवली, म्हणून तो चित्रपट पोकळ वाटतो.

सौदागराच्या घराचे देणे तर फारच मोठे आहे. वरवर खजुराचा व्यापार, आत गुलामांचा. ओमानात गुलामगिरी कायद्याने संपली ती १९७० साली, सुलतान काबूस गादीवर आल्यानंतर. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण इस्राएलला येऊन स्थिरावले तेव्हापर्यंत ती तिथे कायदेशीर होती. कादंबरीतली सर्वांत जिवंत व्यक्ती म्हणजे त्या घरची दासी जरीफा. ती जन्मली १९२६ सालच्या २५ सप्टेंबरला. त्याच दिवशी जिनिव्हात गुलामगिरीविरुद्धच्या करारावर सह्या होत होत्या. त्या सह्यांचा तिला काय उपयोग झाला हे पुढची पाने सांगतात. जरीफा वाक्यागणिक म्हणी फेकते, ‘झार’च्या अंगात येण्याच्या विधीत नाचते, मालकाची शेज सांभाळते आणि मालकाचे पोरके मूलही वाढवते. अब्दल्लाला आईची माया मिळाली ती हिच्याकडून. बापाकडून काय मिळाले? लहानपणी तो बंदूक चोरून पक्षी मारायला गेला, म्हणून बापाने त्याला दोराने विहिरीत उलटे टांगले. म्हातारपणी भ्रम झालेला तोच बाप ओरडत असतो की जरीफेच्या मुलाला खांबाला बांधा. गुलामगिरी संपल्याचे मुलगा सांगतो, पण बापाच्या डोक्यात ती संपलेली नाही. हे दृश्य वाचताना आम्हांला जिन्नांची आठवणही राहिली नाही.

लग्ने आणखीही आहेत. धाकटी खौला कॅनडाला गेलेल्या आतेभाऊ-मामेभावांच्या नात्यातल्या नासिरची वर्षानुवर्षे वाट पाहते, दुसऱ्या मागण्या परतवते. तो येतो, लग्न करतो, वारशाचा पैसा घेतो आणि पुन्हा कॅनडाला, आपल्या तिथल्या बाईकडे निघून जातो. अधूनमधून येऊन एखादे मूल पदरात टाकून जातो. पुढे ती बाई त्याला घालवून देते, तेव्हा तो कायमचा परत येतो आणि चांगला नवरा होतो. आणि सगळे सुरळीत झाल्यावर, मुले मोठी झाल्यावर, खौला घटस्फोट मागते. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय हे आपल्या बायकांना शिकवायला नको. आपल्यातही कोणी एडनला, कोणी आबादानला, कोणी आफ्रिकेला गेले आणि मागे राहिलेल्यांनी पत्रांवर दिवस काढले. म्हणून खौलेचा हा निर्णय काही वाचकांना विचित्र वाटेल, काहींना अजिबात वाटणार नाही. मधली अस्मा पुस्तकवेडी. तिने वाचलेले असते की प्रेमिकांचे आत्मे म्हणजे एकाच गोलाचे दोन तुकडे. लग्नानंतर तिला उमगते की चित्रकार नवरा हा स्वतःभोवती फिरणारा पुरा गोल आहे, त्याला दुसरा तुकडा नको आहे. इंग्रजी नाव त्यावरूनच आले. आणि ज्या आईने या मुलींची लग्ने जुळवली, त्या सलीमेचा नवरा अज्जान रात्री वाळवंटात एका बदाऊनी स्त्रीकडे जात असतो. तिला तो ‘कमर’, चंद्र, म्हणतो.

आता दोष. गुण सांगून दोष लपवणे म्हणजे आम्हीही तेच करणे होईल ज्याला आम्ही नावे ठेवली. पहिला दोष, पात्रे फार. आरंभी वंशावळ छापली आहे आणि तिच्यात बोट ठेवल्याशिवाय पन्नास पानेही वाचता येत नाहीत. दुसरा दोष काळाच्या उड्या. एका प्रकरणात मुलगी जन्मते, पुढच्यात ती डॉक्टर झालेली आणि हात उगारणाऱ्या वाग्दत्त वराशी नाते तोडलेली. पुन्हा पुढच्यात तिचे आजोबा तरुण. अब्दल्ला स्वतः बोलतो तेव्हा हे शोभते, कारण झोपाळलेल्या माणसाचे मन असेच भटकते. पण इतरांची हकीकत त्रयस्थाने सांगितलेली आहे, तिथे ही धावाधाव अकारण वाटते. तिसरा दोष अधिक गंभीर. अब्दल्लाच्या आईला पुस्तकात जवळजवळ आवाजच नाही. सारे तिच्याविषयी बोलतात, ती बोलत नाही. कोणी म्हणेल, मृतांना आवाज नसतो हेच लेखिकेला दाखवायचे आहे. मान्य. पण जरीफेच्या आईला, गावात वेडी म्हणून कोंडून ठेवलेल्या मसूदेला लेखिका पाने देते, मग हिच्या वाट्याला एक पान का आले नाही? आम्हांला ते पान हवे होते.

एवढे असूनही हे पुस्तक वाचाच असे आम्ही म्हणतो, आणि त्याचे कारण घरगुती आहे.

आमच्या घरी एक गोष्ट सांगत असत. आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची पहिली बायको लग्नानंतर वर्षभरातच वारली. का? तर दिवस गेलेले असताना ती भर दुपारी वाडीतल्या चिंचेखालून केस मोकळे सोडून गेली. ‘तिला चिंचेवरचे लागले.’ आम्ही मुले त्या चिंचेला वळसा घालून शाळेत जात असू. पुढे सगळे कुटुंब इस्राएलला आले. चिंच तिथेच राहिली. पुष्कळ वर्षांनी थोरल्या आत्याबाई अंथरुणाला खिळल्या असताना आम्ही सहज तो विषय काढला. आत्याबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “चिंचेचं कसलं रे! तीन दिवस अडली होती. डॉक्टर सहा मैलांवर होता. पण घरात भांडण होतं, गाडी कोणी जुंपायची यावरून.” एवढेच बोलल्या. आणखी विचारले तर म्हणाल्या, “आता सगळे गेले. कोणाला बोल लावायचा?”

आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. आत्याबाईही गेल्या. परंतु त्या सुनेचे नाव काय होते हे आज आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. चिंच मात्र सगळ्यांना आठवते.

ही कादंबरी वाचताना ते सारे वर आले. आपण भुताच्या गोष्टी का सांगतो, याचे एक उत्तर तिने आम्हांला दिले. सगळ्याच गोष्टी त्यासाठी असतात असे नव्हे. काही केवळ करमणुकीच्या असतात, काही मुलांना विहिरीपासून दूर ठेवण्यासाठी असतात. पण जी गोष्ट एखाद्या विशिष्ट बाईच्या मरणाचे कारण म्हणून सांगितली जाते, ती ऐकताना मोठ्यांनी तरी एक प्रश्न विचारावा. त्या दिवशी घरात कोण कोण होते?

ईयोबाच्या मित्रांनीही त्याच्या दुःखाचे कारण झटपट सांगून टाकले होते. तूच काहीतरी पाप केले असशील. ईयोबाने ते मानले नाही, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. खोटे कारण देऊन गप्प बसवणे हे आपल्या धर्मग्रंथालाही पसंत नाही. सलालाहच्या डोंगरावर त्याची कबर खरोखर असो वा नसो, त्याची जिद्द त्या देशातल्या या लेखिकेत आहे. तीही मिळालेल्या कारणावर समाधान मानीत नाही.

घरातल्या तरुण सुनामुलींना हे पुस्तक जरूर द्या. त्यांना इंग्रजी आपल्यापेक्षा चांगले येते. आणि त्यांनी वाचून झाल्यावर आपल्याकडे येऊन जुन्या एखाद्या मरणाबद्दल विचारलेच, तर चिंचेवर ढकलू नका. ज्यांच्या आठवणीत अजून काही शिल्लक आहे, अशी म्हातारी माणसे आपल्यात आता थोडी उरली आहेत. निदान त्या बायकांची नावे तरी सांगा.